निर्णय कुणाचा, किंमत कुणाची? – 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

अंबरनाथ पश्चिमेच्या आम्हां कॅथलिक कुटुंबांनी 'संधी' या शब्दाला नाके मुरडावीत असे काही कारण नाही. आमचे वाडवडील या गावी आले तेच मुळी संधीचे बोट धरून. कुणी गोव्याहून आले, कुणी मंगळूरहून, कुणी केरळातून, तर कुणी नगर जिल्ह्यातून. कुणाला ऑर्डनन्स फॅक्टरीत काम मिळाले, कुणाला विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्यात, तर कुणी पहाटेची लोकल पकडून मुंबईची नोकरी सांभाळली. विम्कोचे नाव आज मुख्यतः नाक्यापुरते उरले आहे. पण त्या पगारावर शिकलेली मुले आणि उभी राहिलेली घरे अजून आमच्या धर्मग्रामात आहेत. संधी ही देवाचीच देणगी असू शकते, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

म्हणूनच आयुष्याचे निर्णय संधी पाहून न घेता श्रद्धेच्या प्रकाशात घ्यावेत असा उपदेश कानी पडला, की आमची मोठी पंचाईत होते. आम्ही मान डोलावतो, घरी परततो, आणि आखातातल्या नोकरीचे पत्र आले की काय ते पाहू लागतो. यात ढोंग असते असे आम्हांस वाटत नाही. श्रद्धेने घेतलेला निर्णय प्रत्यक्षात कसा दिसतो, घरात शिरल्यावर तो काय करतो, याचे चित्रच आमच्यापुढे क्वचित ठेवले जाते.

याचा थोडा दोष आमच्या चरित्रलेखनाकडे जातो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच उदाहरण घ्या. मकाव येथे व्यापारात जम बसलेला हा तरुण तो व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल होतो, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण देतो. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आमच्या पुस्तिकांतून ही कथा किती सरळ रेषेत धावते! व्यापार सुटला, वैभव सुटले, स्वर्ग मिळाला. पण वसईत मागे राहिलेल्यांना त्या निर्णयाने काय वाटले असेल, हा प्रश्न त्या पुस्तिकांना पडत नाही. निर्णय घेणारा दिसतो. त्या निर्णयाखाली राहणारी माणसे दिसत नाहीत.

ही उणीव भरून काढणारे एक पुस्तक मराठीत आहे, आणि ते आमच्या घरांतून पुन्हा वाचले जावे यासाठी हा लेखप्रपंच. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. टिळक कुटुंब कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही आडकाठी कुणाच्या मनात असेल तर त्याने ती वाचण्यापूर्वी बाजूला ठेवावी. ख्रिस्तासाठी घेतलेल्या निर्णयाची इतकी प्रामाणिक हकीकत मराठीत दुसरी आम्हांस ठाऊक नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा चरित्रकाराच्या हाती दिली, तर तीही सरळ रेषेत धावेल. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचन, चिंतन, मनाची तळमळ झाली. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. एका विद्वान ब्राह्मण कवीने जात, आप्तस्वकीय आणि मानमरातब सोडून ख्रिस्ताला जवळ केले. यातले एक अक्षरही खोटे नाही. पण लक्ष्मीबाई ही कथा सांगू लागतात तेव्हा तीच तारीख निराळी दिसू लागते. सोवळ्याओवळ्याच्या कमालीच्या कडक घरात वाढलेली, अकरा-बाराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई. नवरा हयात असताना ती एका दिवसात नवऱ्यावाचूनची झाली. धड सधवा नाही, धड विधवा नाही; पदरी लहानगा दत्तू; आणि आधार नातलगांचा. हा वियोग चार-पाच वर्षे टिकला.

संधी नाकारणाऱ्याने काय गमावले ते टिळकांच्या चरित्रात सापडते. संधी नाकारणाऱ्याच्या बायकोने काय गमावले ते 'स्मृतिचित्रे'त सापडते. आमच्या मते या ग्रंथाचे खरे थोरपण येथे आहे. समीक्षकांनी त्याच्या विनोदाची मनसोक्त वाखाणणी केली, आणि ती यथार्थच आहे. परंतु केवळ विनोदी पुस्तक म्हणून त्याची ओळख करून देणे हा त्याच्यावर अन्याय होय. लक्ष्मीबाईंचे हसणे हे हिशेब चुकता केलेल्या माणसाचे हसणे आहे. त्या नवऱ्याला दोषी ठरवीत नाहीत, आणि त्याची आरतीही ओवाळीत नाहीत. त्याचा तापटपणा, त्याचे औदार्य, पैसा हाती न टिकण्याची त्याची सवय हे सारे त्या जसेच्या तसे मांडतात. त्यामुळे त्यांनी दाखविलेल्या त्याच्या श्रद्धेवर आमचा विश्वास बसतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. टिळकांच्या काळी धर्मांतर करणाऱ्यावर पोटासाठी बाटल्याचा आरोप सर्रास होई. मिशनकडे शाळा होत्या, नोकऱ्या होत्या, पगार होता. मग टिळकांचा निर्णय श्रद्धेचा की सोयीचा? केवळ १८९५ सालाकडे पाहून याचे निर्विवाद उत्तर देता येणार नाही, कारण माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचे साधन कुणापाशी नाही. उत्तर मिळते ते बावीस वर्षांनी. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्याचा मार्ग धरला. नोकरीसाठी धर्म धरणारा माणूस धर्मासाठी नोकरी सोडीत नाही. पहिल्या निर्णयाची साक्ष दुसऱ्या निर्णयाने दिली. श्रद्धेचा निर्णय एका दिवसात सिद्ध होत नाही. पुढच्या निर्णयांनी तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही ख्रिस्त त्यांना खऱ्या अर्थाने गवसला तो कित्येक वर्षांनी.

अर्थात संन्याशाच्या घरीही चूल पेटवावी लागतेच, आणि ती कोण पेटविते हे सांगायला नको.

तरीही टिळकांचे एक वागणे आम्हांस त्यांच्या बाप्तिस्म्याइतकेच मोलाचे वाटते. लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांच्याकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक त्यांनी निराळा ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. स्वतःच्या श्रद्धेपायी ज्याने सर्वस्व पणाला लावले, त्याने बायकोवर ती श्रद्धा लादली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच वळण घेतले. देवाने माणसे निर्माण केली, मग त्यांच्यातले हे उच्चनीच कुणी निर्माण केले, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या बुद्धीने शोधले. आणि कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. विवेकबुद्धीवर सक्ती करता येत नाही, हे तत्त्व आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्टपणे मांडले. नगरच्या त्या घरात पाण्याच्या दोन निराळ्या घागरींनी ते साठाहून अधिक वर्षे आधी पाळले होते.

आमच्या परंपरेत निर्णय घेण्याचे शास्त्र शिकविले ते संत इग्नेशियस लोयोला यांनी. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. ते म्हणतात, कित्येक जण आधी लग्न किंवा धनमान ठरवितात आणि मग त्यात देवाची सेवा बसवू पाहतात. म्हणजे साधनाला साध्य करतात आणि देवाने आपल्या इच्छेकडे यावे अशी अपेक्षा धरतात. संधीच्या मागे धावणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आम्हांस सापडलेली नाही. नोकरी धरणे हे संधीच्या मागे धावणे नव्हे. नोकरी आधी आणि देव नंतर, हा क्रम म्हणजे ते धावणे. निर्णय पारखण्याच्या कसोट्याही इग्नेशियस देतात: आपल्याच स्थितीतील एखाद्या अनोळखी माणसाला मी काय सल्ला देईन? मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतला असता तर बरे, असे मला वाटेल?

या कसोट्या अमोल आहेत. परंतु त्या एकट्या माणसाने आपल्या अंतःकरणाला लावायच्या आहेत. 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर आम्हांस त्यांत आणखी एक जोडावीशी वाटते: या निर्णयाची किंमत माझ्याखेरीज आणखी कोण मोजणार आहे, आणि मी त्या माणसाला ते सांगितले आहे काय? बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले. त्या हिशेबात घरच्या माणसांच्या पदरातले दामही धरावे लागतात. टिळकांनी तो हिशेब आधी केला नाही, ही त्यांची उणीव. पण किंमत मोजणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतंत्र राहू दिले, हे त्यांचे थोरपण. लक्ष्मीबाईंनी या दोन्ही गोष्टी लपविल्या नाहीत, हे लेखिकेचे थोरपण.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नव्हे. प्रसंगामागून प्रसंग येतात, काळाचा क्रम पुष्कळदा हातून निसटतो. लक्ष्मीबाईंच्या प्रार्थनेचे, ख्रिस्ताशी जडलेल्या नात्याचे आंतरिक वर्णन शोधणाऱ्या वाचकाच्या हाती थोडेच लागते. स्वयंपाकघर, माणसे, प्रवास, आजारपणे यांतूनच त्यांची श्रद्धा ओळखावी लागते. तथापि टिळक १९१९ साली निवर्तल्यावर त्यांनी अर्धे सोडलेले 'ख्रिस्तायन' याच बाईने पुढे नेले. जिला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, तिने नवऱ्याचे महाकाव्य हाती घेतले. जी श्रद्धा एके काळी तिच्यावर आपत्ती होऊन कोसळली, ती तिची स्वतःची झाली होती, याला आणखी पुरावा कशाला हवा?

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली लक्ष्मीबाईंनी जगाचा निरोप घेतला. इतक्या वर्षांनी अंबरनाथच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात ते वाचताना मनात येते ते आमच्याच घरांबद्दल. मुलगी धर्मभगिनी व्हायचे म्हणते आणि आईचा घास घशात अडकतो. मुलगा लाच घ्यायची नाही म्हणून बढती गमावतो, आणि घराचे हप्ते सुनेच्या पगारावर येऊन पडतात. म्हाताऱ्या वडिलांसाठी कुणी परदेशाची वाट सोडतो आणि पुढे त्याच वडिलांवर चिडतो. हे सारे श्रद्धेचे निर्णय आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला एक लक्ष्मीबाई आहे. व्यासपीठावरून निर्णय घेणाऱ्याचे कौतुक होते. त्या लक्ष्मीबाईला मात्र आधी विचारले पाहिजे, मग तिच्या उत्तरासाठी थांबले पाहिजे. मग त्याला चार-पाच वर्षे लागोत.

हे पुस्तक घरात असेल तर ते खाली काढावे. नसेल तर ग्रंथालयातून आणावे. आणि पतिपत्नींनी, शक्य तर वाढत्या मुलांसह, ते मोठ्याने वाचावे. मोठा निर्णय दारात उभा असेल तेव्हा तर अवश्य वाचावे.