यंत्राची नीती की माणसांची?

मराठी समीक्षेला यंत्राचे भय जुने आहे. बा. सी. मर्ढेकरांचे ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) हे संग्रह आले, आणि त्यांच्यावर लिहिता लिहिता आपल्या समीक्षकांनी एक सूत्र पक्के करून टाकले. यंत्राने माणसाचे माणूसपण हिरावून घेतले, हे ते सूत्र. मर्ढेकरांची कविता या सूत्रापेक्षा मोठी आहे, पण सूत्र मात्र पुढे इतके वापरले गेले की ते तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही. आज गिरणीच्या भोंग्याच्या जागी मोबाईल आला, तरी सूर तोच आहे. काल यंत्र आत्मा मारत होते. आता ते संसार मोडते, नवरा-बायकोतला विश्वास घालवते, तरुण पिढी नासवते. अमरावती-अकोल्याच्या व्याख्यानमालांतून हे ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट अशी की, आमच्या जयंतीच्या मंडपातूनही आता ते ऐकू येऊ लागले आहे.

या सूत्राला आमचा पहिला प्रश्न साधा आहे. यंत्राने हिरावून घेण्याआधी हे माणूसपण कोणाजवळ होते? गावगाड्यात ज्याच्या वाट्याला मेलेले ढोर ओढणे आले, सरपण फोडणे आले, बारा महिने तेरा काळ दुसऱ्याच्या शेतात वाकणे आले, त्याच्याकडून यंत्राने नेमके काय नेले? ज्यांना निवांतपणा वारशाने मिळाला होता, त्यांना यंत्राच्या गोंगाटाचा त्रास झाला, हे समजू शकते. परंतु त्या त्रासाला साऱ्या मानवजातीचे दुःख म्हणणे, ही समीक्षेची लबाडी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बाबतीत फार स्पष्ट भूमिका घेतली होती. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्रविरोधाचाही समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पशू आणि माणूस यांच्यातला फरक संस्कृतीचा, आणि संस्कृतीला फुरसत लागते. राबण्यातून सुटका झाल्याशिवाय फुरसत नाही, आणि यंत्राशिवाय ती सुटका नाही. यंत्रयुगातली दुःखे त्यांना दिसत नव्हती असे नाही. पण त्यांचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही. खाजगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला दिला. यंत्र मोडू नका, रचना बदला, असा त्याचा अर्थ.

आम्ही या विचाराचा पहिला भाग पाठ केला. दुसरा भाग, म्हणजे रचनेची अट, आम्ही विसरलो. आजच्या चर्चेत एकीकडे यंत्राला शिव्या देणारे आहेत, तर दुसरीकडे यंत्र आले की जात जाईल असे मानणारे भाबडे आहेत. दोघेही बाबासाहेबांना सोडून बोलतात.

२

यंत्र आल्याने जात जात नाही, याचा धडा मुंबईच्या गिरण्यांनी शंभर वर्षांपूर्वी दिला. गिरणीत सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य कामगार चालत. विणकामाच्या खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला तोंड लागणार, म्हणजे थुंकीचा विटाळ होणार. लोखंडी माग, वाफेची शक्ती, विलायती तंत्र, सारे काही नवे होते. पण धोट्याच्या एका भोकापाशी मनुस्मृती उभी होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. हा अन्याय करणारे मालक एकटे नव्हते. सोबत खांद्याला खांदा लावून लाल बावटा धरणारा स्पृश्य कामगारही त्यात होता.

बाबूराव बागुलांनी हेच सत्य कथेत आणले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. रेल्वे म्हणजे या देशातली सर्वांत मोठी यंत्रसंस्था. ती त्याला नोकरी देते, पगार देते. राहायला खोली मात्र जात चोरल्याशिवाय मिळत नाही, आणि चोरी उघड झाल्यावर मार मिळतो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुधा अपमानाच्या अंगाने. मला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बागुलांचा नायक रेल्वेला दोष देत नाही, आणि गावाकडे परत जाऊन ‘निर्मळ’ जीवन जगावे असेही त्याला वाटत नाही. त्याचे भांडण माणसांशी आहे. यंत्राविषयीची दलित जाणीव मर्ढेकरी जाणिवेपासून वेगळी होते ती इथे. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्येही गिरणी आणि रस्ता हे शाप म्हणून येत नाहीत. माणूस जिथे शहाणा होतो ती ती जागा आहे.

३

आता वऱ्हाडाकडे वळू. वऱ्हाडात यंत्र आले ते कापसापायी. १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या हाती गेला, पुढच्या दशकात रेल्वे आली, अमरावती आणि खामगाव मुख्य मार्गाला जोडले गेले, आणि मागोमाग जिन-प्रेस उभे राहिले. कापूस कोणाच्या हातांनी वेचला, रुईच्या धुळीत कोण खोकले, गठाणी कोणी वाहिल्या, हे सांगायला नको. अकोल्याची सावतराम मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाली आणि पुढे बंद पडली. ज्या यंत्राने आमच्या एका पिढीला सालदारकीतून सोडवले, ते यंत्रच गेले. यंत्राच्या जाचाबद्दल लिहिणारे पुष्कळ. यंत्र बंद पडल्यावर परत गावाच्या कामाला लागलेल्या कामगाराबद्दल लिहिणारे किती?

पण आज वऱ्हाडातला यंत्राचा प्रश्न मिलमध्ये नाही, तो पऱ्हाटीच्या वावरात आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारे, पण सरकारची मान्यता नसलेले कापसाचे वाण जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. संघटनेचे म्हणणे असे की निंदणाचा खर्च परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, तेव्हा शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे. विरोधकांनी पर्यावरण, कायदा, बियाण्याच्या कंपन्यांची मक्तेदारी हे मुद्दे मांडले. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. त्या साऱ्या लिखाणात निंदणारी बाई कुठे होती? ‘मजूर मिळत नाहीत’ या तीन शब्दांत ती आली आणि संपली.

निंदण हे वऱ्हाडात बायांचे काम आहे, आणि त्या बायांमध्ये भूमिहीन बौद्ध, मातंग आणि आदिवासी बाया मोठ्या संख्येने आहेत. पावसाळ्यात हातात खुरपे घेऊन दिवसभर उकिडवे बसून सरकायचे, चिखलात पाय कुजवायचे, पाठीचा काटा मोडायचा. हे काम पवित्र आहे, ते टिकले पाहिजे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. बाबासाहेबांच्या विचाराने पाहिले तर निंदण संपावे, हेच योग्य. परंतु निंदण संपले की त्या बाईला फुरसत मिळते काय? तिला मिळते ती बेकारी. तणनाशकाने वाचलेली मजुरी शेतमालक आणि औषध कंपनी यांच्यात वाटली जाते. तिच्या चुलीपर्यंत त्यातला रुपया येत नाही. फुरसत आणि बेकारी दोन्हींत हात रिकामेच असतात. फरक पोटात असतो, आणि तो फरक यंत्र ठरवत नाही, वावराचा सातबारा ठरवतो.

मग तणनाशक मारतो कोण? पंप पुन्हा मजुराच्याच पाठीवर येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. अकोला-अमरावतीकडेही रुग्ण आले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पंप जोराने फवारणारे, औषधे एकात एक मिसळलेली, आणि विषारी तुषार सरळ तोंडावर. नंतर चर्चा झाली ती मजुराने मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, यावर. रोजीवर गेलेल्या माणसाला मास्क कोणी द्यायचा, दुपारच्या उकाड्यात तो घालून किती तास काम करता येते, आणि ‘नाही मारत फवारा’ म्हणाला तर उद्या त्याला कामाला कोण बोलावील, हे प्रश्न नीतीचे होते. ते तांत्रिक सूचनांच्या पत्रकात गाडले गेले.

४

मोबाईलचे तसेच आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याचा अपराध एवढाच की त्याच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गौरवाचे गाणे होती. रिंगटोन वाजवणारे यंत्र सर्वांच्या खिशात सारखेच होते. परंतु कोणाच्या खिशात ते काय वाजवील, हे ठरवण्याचा हक्क गावाने आपल्याकडे ठेवला होता.

आता संसार मोडण्याचा मुद्दा. मोबाईलवरून चोरटे संबंध जुळतात, फसवणूक होते, हे खोटे नाही. आपल्या वस्तीतही ते घडते आणि त्याने घरे पोळतात. प्रश्न असा की, यावर उपाय म्हणून आपण काय करतो? बायकोचा, बहिणीचा, मुलीचा मोबाईल तपासतो, काढून घेतो. नवऱ्याचा मोबाईल तपासणारी सभा अजून भरलेली नाही. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो. मुलगी कोणाशी बोलते हे पाहण्यासाठी जो भाऊ तिचा मोबाईल उघडतो, तो निळा टिळा लावलेला असला तरी त्या पहाऱ्यावरचाच शिपाई असतो.

मग व्यभिचार चालू द्यायचा काय, असे विचारले जाईल. उत्तर आमच्या रोजच्या वंदनेत आहे. पंचशीलातले तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आहे, आणि ते पुरुष व स्त्री दोघेही एकाच शब्दांत घेतात. शील स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ (१९३६) मध्ये तत्त्व आणि नियम यांत भेद केला : नियम सांगितल्याप्रमाणे पाळायचा असतो, तत्त्व विचार करून आचरायचे असते. मोबाईल-बंदी हा नियम आहे, जोडीदाराशी प्रामाणिक राहणे हे तत्त्व आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे ४९७ कलम रद्द केले, तेव्हा पत्नी ही पतीची मालमत्ता नव्हे, हाच त्याचा एक आधार होता. तेव्हा ‘संस्कृती बुडाली’ म्हणून ओरडणाऱ्यांत आपले काही लोकही सामील झाले, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

५

हे सारे आमच्या साहित्याच्या पदरी किती पडले? आपल्याला आता स्वतःवरही टीका करावी लागेल. दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचे जग मांडले, ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) महानगराचा तळ उघडा केला, वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ने वऱ्हाडातल्या कष्टकरी बाईला कादंबरीच्या मध्यभागी आणले. परंतु यंत्राशी, औषधाशी, पडद्याशी रोज झुंजणारा आजचा दलित माणूस आमच्या लिखाणात अजून पुरेसा नाही. आम्ही जुन्या जखमा पुन्हा पुन्हा लिहितो. फवाऱ्याच्या वासाने ओकणाऱ्या मजुराला आणि निंदण गेल्यावर घरी बसलेल्या बाईला मात्र वर्तमानपत्राच्या बातमीत सोडून देतो. प्रस्थापित समीक्षेने यंत्राला राक्षस केले म्हणून आम्ही त्याला देव करावे, असे नाही.

वऱ्हाडाने एक खराटा पाहिला आहे. गाडगेबाबांनी तो स्वतः उचलला, आणि त्या हातातला खराटा लोकांच्या डोक्यातली घाणही झाडत गेला. तोच खराटा नगरपालिकेच्या कामगाराच्या हातात जन्माने येतो, तेव्हा ती त्याची गुलामी असते. खराटा दोन्हीकडे एकच. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, हा वाद व्याख्यानमालांना लखलाभ असो. आपल्या लेखकांनी, कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक नव्या यंत्रापुढे तीन प्रश्न घेऊन उभे राहावे : हे कोणाच्या मालकीचे? याने वाचलेले श्रम कोणाची फुरसत होतात? आणि याच्या निमित्ताने पहारा कोणावर बसतो? अकोटच्या वावरात आणि अमरावतीच्या वस्तीत ही उत्तरे माणसे रोज जगत आहेत. ती लिहिण्याचे काम आपले आहे, आणि ते आपण अजून केलेले नाही.