डॉ. बी. एफ. छापगर यांचे खेकडाविषयक संशोधन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले डॉ. बी. एफ. छापगर यांचे नाव पश्चिम किनाऱ्यावरील खेकड्यांच्या अभ्यासाशी निगडित आहे. १९५६ मध्ये मुंबईतील काही खेकड्यांच्या प्रजनन-सवयी व डिंभावस्था, तर १९५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील सागरी खेकडे यांवर त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पुढे ‘सीशोअर लाइफ ऑफ इंडिया’सारख्या पुस्तकांतून त्यांनी सागरी जीवनाचे ज्ञान सामान्य वाचकांपर्यंत नेले.

जातींची ओळख आणि जीवनक्रम यांची सांगड हे या संशोधनाचे बलस्थान होय. तथापि, त्याची व्याप्ती सागरी आहे. सोलापूरही तेव्हा मुंबई राज्यातच होते. परंतु दख्खनचे गोड्या पाण्यातील खेकडे, ज्यांची नोंद साइक्स यांनी १८३६ मध्येच केली होती, ते या निबंधाच्या कक्षेबाहेर राहिले.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. सागरी खेकड्यांचे डिंभ प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या अंड्यांतून थेट पिल्ले बाहेर पडतात. त्यामुळे ओढ्यातून नाहीशी झालेली जात सहजासहजी परतत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या वस्त्रोद्योगाच्या परिसरातील नाल्या-ओढ्यांत कोणत्या जाती आहेत याची यादीच नसेल, तर झालेली हानी मोजावी कशी? छापगर यांनी किनाऱ्यावर केलेले काम महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांनी पठारावर पुढे नेणे, हाच त्यांच्या कार्याचा यथोचित गौरव ठरेल.