फूल सुबक, जोड कच्चा

क्रोशाच्या विणकामाला पुन्हा दिवस आले आहेत, असं सध्या सगळे म्हणतात. सुई धरणाऱ्या हातांकडे पाहिलं तर ते खरंही आहे. एका पिढीने माठावरचे रुमाल, ट्रेवरची आच्छादनं आणि रुखवतातली तोरणं विणली; तिच्या नाती टॉप, पिशव्या आणि कानातली विणतात. पूर्वी नवा नमुना हवा तर शेजारच्या काकूंकडून विणलेला तुकडा उसना आणायचा आणि भिंगाखाली खांब मोजत बसायचं. आता व्हिडिओ थांबवून थांबवून चार दिवसांत मोटिफ हातात बसतो. एवढं सगळं सोपं होऊनही काम एका जागी अडलंय. फूल उत्तम उतरतं, पण दोन फुलांच्या मधल्या जागेचं काय करायचं, याचा विचार बहुतेक कामांत दिसत नाही.

ज्यांनी क्रोशाला लेसच्या पंगतीत बसवलं, त्यांनी आधी हाच विचार केला होता. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या दुष्काळात नन आणि धर्मोपदेशकांच्या बायका यांनी गरीब घरांतल्या बायकांना हे काम शिकवलं, मिळकतीसाठी. पद्धत अशी: गुलाब, पानं, तिपानी हे सगळं सुटं विणायचं, कडेने जाड दोरा आत घेऊन त्याला उठाव द्यायचा. मग कापडावर आराखडा काढून ही फुलं त्यावर उलटी टाचायची आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरायची. क्लोनिस या गावात कॅसँड्रा हँड या बाईंनी 1847 मध्ये हे काम सुरू केलं. त्या गावाचं नाव आज एका गाठीला आहे, आणि ती गाठ फुलात नसते, जाळीत असते. आंध्रातल्या नरसापूरलाही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हेच बीज नेलं. तिथे फुलं विणणारी वेगळी आणि ती जोडणारी वेगळी, अशी कामाची वाटणी झाली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 च्या पुस्तकात या बायकांचे हाल लिहिले: निर्यात होणारा माल त्या घरात बसून नगावर विणत, आणि त्यांची नोंद मात्र गृहिणी म्हणून होई. त्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मजुरीचा प्रश्न मानांकनाने सुटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

जोडाचं गणित फुलातच सुरू होतं. गोल मोटिफ सपाट बसायला हवा तर पहिल्या फेरीत साधारण बारा खांब आणि पुढच्या प्रत्येक फेरीत बारा वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. (डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये ही झालरच मुद्दाम वाढवत नेऊन अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग विणून दाखवला. आपल्याकडे ती अजून चूक म्हणून उसवली जाते.) वाटी किंचित असेल तर एकट्या रुमालाला साबुदाण्याची खळ देऊन, टाचण्यांनी ताणून वाळवलं की दोष झाकला जातो. असे चाळीस मोटिफ एकमेकांना जोडले की तो झाकता येत नाही. शिवाय गोलाला गोल जोडला की मधे चार कमानींची पोकळी उरते. जाणती बाई तिथे चिमुकलं भरणीचं फूल घालते आणि शेवटच्या फेरीतल्या टोकांशी ते जागच्या जागी अडकवते. हल्लीच्या टेबलक्लॉथवर ही पोकळी बहुतेक वेळा तशीच सोडलेली असते, किंवा सगळं विणून झाल्यावर सुईदोऱ्याने शिवलेलं असतं. शिवण उलट बाजूने दोरीसारखी हाताला लागते.

मराठी घरांनी या कलेत स्वतःचं असं काही घातलं असेल तर ते चौकटीच्या विणीत, तोरणांत. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब. रिकामे आणि भरलेले चौकोन. त्यातून गणपती, कलश, ‘सुस्वागतम्’. देवनागरीची शिरोरेषा या चौकोनांत झकास बसते. वेलांट्या मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढतात आणि ‘श्री’च्या गाठीचा चिखल होतो. त्यातून विणणारीचा हात सैल असला की खांब उंच होतो, चौकोनाचा आयत बनतो आणि गणपती लांबुडका दिसतो. जुन्या चांगल्या तोरणांत बायकांनी हे ओळखून आराखड्यातल्या ओळीच कमी केलेल्या दिसतात. आजच्या तोरणांत आराखडा मोबाइलवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. हात कुणाचा, दोरा कुठला, याची दखल तो आराखडा कशी घेणार?

कपड्यांत तर हा प्रश्न अंगावरच येतो. सुती दोरा जड असतो आणि विणलेला कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो. खळीचा आधार तिथे चालत नाही. सगळा ताण येतो तो जोडांवर. चौकोन जोडून केलेला टॉप फोटोत छान दिसतो, कारण तो फोटोपुरता उभा राहिलेला असतो. तासभर घालून बसा, दोन्ही खांद्यांवरचे जोड उघडतात. यात जाड लोकर आणि चार-पाच मिलिमीटरची सुई यांचाही हात आहे. काम भराभर सरकतं हे कबूल, पण लेस म्हणावं असं त्यात फारसं उरत नाही. 40 नंबरच्या दोऱ्यात पाऊण दिवस खाणारं फूल लोकरीत अर्ध्या तासात होतं आणि तळहाताएवढं होतं. अशा फुलांची बाही म्हणजे बाहीच्या आकाराचं दुपटं.

घाईचं कारण बाजारात आहे. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. कपड्यांच्या दुकानांत ‘क्रोशा लेस’ म्हणून मीटरवर मिळते ती बहुतेक वेळा यंत्राने भरतकाम करून खालचं कापड विरघळवलेली लेस असते. ही युक्ती 1880 च्या दशकापासूनची आहे. हाताने विणणारीला त्या भावाशी टक्कर द्यायची तर दोरा जाड होतो, फेऱ्या कमी होतात आणि भरणीचं फूल सगळ्यात आधी गळतं. दुसरीकडे विक्रमांची हौस. 2016 मध्ये चेन्नईत तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरची चादर झाली. उत्साहाला दाद द्यावीच, पण अशा कामात मोजमाप क्षेत्रफळाचं होतं आणि वीण बघायला कुणी वाकत नाही. आपल्याकडच्या स्पर्धांतही तेच. परीक्षक लांबून रंगसंगती बघतात. काम उलटून मागची बाजू बघणारा विरळा.

चांगलं काम होतच नाही असं नाही. मला सगळ्यात आशादायक वाटतो तो गळ्यापासून खाली विणत नेलेला अननसाच्या विणीचा गोल योक. एका कमानीत आठ-दहा खांबांचा पंखा, त्यावर साखळ्यांच्या कमानी आणि दर ओळीला एक कमान कमी करत शेवटी एकच उरेपर्यंत जायचं. असा एक अननस. तो पुढे निमुळता होत जातो तशी दोन अननसांमधली जाळी रुंदावते. खांद्याकडे कापड वाढवायचं असतं, ते या जाळीत आपसूक वाढतं. वेगळा जोड घालायची वेळच येत नाही. खाली मलमल किंवा खणाचं कापड लावलं की ताणही कापड घेतं. हा योक बारीक दोऱ्यात, नेमक्या मापाने विणणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे मागणी येते ती मात्र सूर्यफुलाच्या चौकोनांची.