स्टुलाविना ड्रमर

रॉक बँडचा ड्रमर म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. गोल स्टूल, पुढे स्नेअर, उजव्या पायाखाली बेस ड्रमचं पेडल, डाव्या पायाखाली हाय-हॅट. रिंगो स्टार असो की जॉन बॉनहॅम, बैठक तीच. आता यूट्यूबवर त्रिलोक गुर्टूची कुठलीही जुनी मैफल काढा. हा माणूस बरेचदा स्टुलावर नसतोच. अर्धा गुडघा टेकून तो जमिनीवर बसलेला असतो. नेहमीचा बेस ड्रम नाही, झांजा आहेत, शेजारी तबला, आणि एक पाण्याची बादली.

बादली सगळ्यांना आवडते. झांज वाजवून पाण्यात बुडवली की तिचा आवाज वाकतो, प्रेक्षक हसतात, टाळ्या देतात, क्लिप फॉरवर्ड होते. मला वाटतं, या बादलीनेच त्याचं नुकसान केलं. 'भारतीय गूढ फ्यूजनवाला' असा एक कप्पा आहे. त्यात एकदा टाकलं की कान देऊन ऐकायची गरज उरत नाही. मराठी घरांत तर त्याची ओळख त्याहून तुटपुंजी: शोभा गुर्टूंचा मुलगा. दोन्ही ओळखी खऱ्या, पण बँडमध्ये ड्रमर म्हणून तो नेमकं काय करतो, ते दोन्हींतून कळत नाही.

जन्म मुंबईचा, १९५१चा. आई बेळगावच्या भानुमती शिरोडकर, लग्नानंतर शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याच्या मोठ्या गायिका. तबल्याची तालीम शाह अब्दुल करीम यांच्याकडे. आणि त्याच वयात कानावर पडलेला जिमी हेंड्रिक्स. हेंड्रिक्सवरच्या १९९५च्या एका टीव्ही कार्यक्रमात त्याने सांगितलं होतं की पाश्चात्त्य संगीत शिकताना त्याला ओव्हरडबिंग हा प्रकारच माहीत नव्हता. म्हणजे स्टुडिओत एक थर वाजवून त्यावर दुसरा, तिसरा चढवतात हे ठाऊक नाही. त्यामुळे रेकॉर्डवर जे जे ऐकू येतंय ते सगळं एकट्याने वाजवता आलं पाहिजे, असं समजून तो बसला, आणि शिकला. आज लॅपटॉपवर वीस ट्रॅक लावून बीट बनवणाऱ्या आपल्या पिढीला हा किस्सा विनोदी वाटेल. पण त्याचा विचित्र ड्रमसेट मला इथूनच कळायला लागला. एका माणसाला चार माणसांचं काम करायचं असेल तर सगळं हाताशी हवं, आणि जमिनीवर सगळं हाताशी असतं.

याच्याशी माझा थोडा वैयक्तिक संबंध आहे. परळला मी दोन गणपती एका बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवला. लालबाग-परळच्या बँजोत स्टूल कुणाला मिळतंय? टेम्पोच्या फळीवर उभं राहायचं, टेम्पो ब्रेक मारेल तेव्हा गुडघ्यात वाकायचं, आणि ढोलकीवाल्याकडे नजर ठेवायची. मग दादरला एका क्लासमध्ये ड्रम शिकायला गेलो. तिथे सरांचं पहिलं वाक्य: "तो बँजोतला हात आधी विसर." मी बरेच महिने इमानदारीत विसरत होतो. गिरगावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, धोबी तलावाला, रंगभवन होतं. इंडिपेंडन्स रॉक तिथे व्हायचा, जॅझ यात्राही. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते बंद पडलं, आमच्या वाट्याला आलंच नाही. पण तिथल्या रॉकच्या मंचावर बँजोतला हात चालला असता का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

गुर्टूपुरतं उत्तर ऐकायचं असेल तर जॉन मॅक्लॉफलिनच्या त्रिकुटाचा 'लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल' लावा. मैफल १९८९ची, लंडनची. गिटार, काय एकहार्टचा बेस आणि हा, बस्स. शेवटाकडे 'मदर टंग्ज' नावाचा लांबलचक तुकडा आहे. सगळे त्यातल्या सोलोबद्दल बोलतात. मी म्हणेन, आधी सोलो नसलेला भाग ऐका.

ठुमरीत तबलजी काय करतो ते आठवा. गायिका एकेका शब्दाशी खेळत असते तेव्हा तो निमूट ठेका धरून असतो, दीपचंदी किंवा जत, संथ. कौशल्य दाखवायची परवानगी नाही. शेवटी लय दुप्पट होते, लग्गी सुटते, आणि पारडं फिरतं: आता गायिका मुखडा धरून थांबते आणि तबला बोलतो. गुर्टू ड्रमसेटवर हेच करतो असं माझं ऐकणं आहे. मॅक्लॉफलिन धावत असताना तो कमी वाजवतो, अगदी आटोपशीर, आणि मग लग्गी लागल्यासारखा सुटतो. बॉनहॅमचा जोर पहिल्या ठोक्यापासून असतो, गुर्टूचा राखून ठेवलेला. पायाचं काम मात्र कुठल्याच तालमीतून आयतं मिळालेलं नव्हतं, ते त्याला नव्याने कमवावं लागलं. जुना हात जपला की झालं, इतकं ते सोपं नाही.

ओरेगॉन या बँडमध्येही तो असाच शिरला. तिथे तबला आणि सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४मध्ये अपघातात गेला, आणि त्या रिकाम्या जागेवर गुर्टू आला. मेलेल्या मित्राच्या जागी बसणं म्हणजे आधी गप्प राहणं. 'इकोटोपिया'त (१९८७) तो स्वतःला पुढे काढत नाही, आणि मला तो अल्बम त्यासाठीच आवडतो.

स्वतःच्या नावावरच्या काही अल्बमांबाबत मी इतका खूश नाही. 'क्रेझी सेंट्स'मध्ये (१९९३) पॅट मेथेनी आहे, जो झाविनुल आहे. पाहुणे इतके मोठे की यजमान पंगतीत वाढप्यासारखा फिरत राहतो. ठेका धरायला समोर एक ठाम आवाज लागतो, गर्दी नाही.

तसा आवाज १९८८च्या 'उस्फ्रेत'मध्ये आहे: शोभाताईंचा. त्याचं ध्वनिमुद्रण आज थोडं ऐंशीच्या दशकात अडकलेलं वाटतं, काही ठिकाणी इलेक्ट्रिक बेस नको तेवढा मिरवतो. तरी हेडफोन लावून ऐका, आणि त्या गात असताना फक्त मुलाच्या हाताकडे लक्ष द्या. बादली विसरा.