‘खोटी’ खोली: तक्त्यातलं एक चुकीचं विशेषण

एको साउंडरच्या मॅन्युअलमध्ये शेवटी बहुतेक वेळा एक तक्ता असतो: लक्षण, कारण, उपाय. खोली दुप्पट दिसते? गेन कमी करा. आकडा सारखा उडतो? ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे असतील, वेग कमी करा. होडी चालवणाऱ्याला हा तक्ता उपयोगी आहे, यात वाद नाही. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे: डेटा साफ करताना आपणही हाच तक्ता डोक्यात ठेवून बसतो.

मुळात यंत्र खोली मोजतच नाही, वेळ मोजतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर धरायचा, जाऊन-येऊन म्हणून निम्मं करायचं, ०.२ सेकंद म्हणजे १५० मीटर. खोली दुप्पट दिसते तेव्हा आवाज बऱ्याचदा तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोन फेऱ्या मारून आलेला असतो. म्हणजे प्रतिध्वनी खराच. खोटं आहे ते ‘एकच फेरी’ हे आपलं गृहीतक. गेन कमी केला की ती रेघ जाते, पण मऊ चिखलाचा क्षीण प्रतिध्वनीही सोबत जाऊ शकतो. उपायानेच पुरावा पुसला!

१९४२ मध्ये सॅन दिएगोजवळ अमेरिकी नौदलासाठी सोनारचे प्रयोग चालू होते. तिथे तळाच्या बऱ्याच वर, काहीशे मीटर खोलीवर, आवाज परतवणारा थर सापडला. यंत्र बिघडलं म्हणून तो पुसला असता तर? १९४५ मध्ये स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं की हा थर संध्याकाळी वर येतो, पहाटे खाली जातो. समुद्राचा तळ काही संध्याकाळी फिरायला निघत नाही! तो थर सजीवांचा होता. अशा थरांत हवेची पिशवी असलेले छोटे मासे आवाज जोरात परतवतात. अशाच थरांमुळे नकाशांवर नसलेले उथळ भागही नोंदले गेले. म्हणजे दोन्हीकडून चूक होऊ शकते: डोळे मिटून पुसण्यात आणि डोळे मिटून मानण्यात.

म्हणून त्या तक्त्यात मला चौथा रकाना हवा: ‘कसं तपासलं’. रेंज बदलून बघा. आधीच्या पिंगचा उशिरा आलेला प्रतिध्वनी असेल तर त्याची जागा सरकू शकते, खरा तळ तिथेच राहतो. दिवसा आणि रात्री बघा. शक्य तिथे दोरीला वजन बांधून मोजा. आणि फाइलमधून ओळ उडवू नका, तिच्यापुढे खूण करा. व्हायवात ‘हे बिंदू का काढले?’ असं विचारलं, तर ‘आउटलायर होते’ हे उत्तर नाही. ते फक्त ‘खोटी’चं इंग्रजी नाव आहे.