सुटीतली देवघेव

आपल्याकडे अभिरुचीची चर्चा निघाली की ती हटकून वडीलधाऱ्यांच्या बाजूने होते. मुलांच्या कानांवर चांगले गाणे पडले पाहिजे, त्यांच्या हाती चांगले पुस्तक दिले पाहिजे, उथळ सिनेमापासून त्यांना राखले पाहिजे. या सगळ्या वाक्यांत कर्ता मोठा माणूस असतो आणि मूल नुसते कर्म. दिवाळी अंकांतल्या परिसंवादांनी तर हे व्याकरण पक्केच करून टाकले आहे. पण ज्याला आपण पुढे आयुष्यभर 'माझी आवड' म्हणून मिरवतो, ती बहुधा मे महिन्याच्या सुटीत ठरलेली असते. दुपारी मोठ्यांचा डोळा लागल्यावर, मामेभाऊ आणि आतेबहीण यांच्यातल्या देवघेवीत. 'हे ऐकलंस का?', 'ते वाच, पण परवापर्यंत परत दे', 'त्यातलं शेवटचं गाणं मला नाही आवडलं.' समीक्षेचा पहिला धडा माणूस असा गिरवतो. घेतलेली वस्तू परत करताना तिच्याबरोबर मतही द्यावे लागते, आणि नुसते 'छान' म्हणून सुटका होत नाही, कारण समोरचा आपल्याच वयाचा असतो.

ही देवघेव दोन भाषांच्या घरांत कशी चालते, हे पाहायला माळव्यातल्या देवाससारखे गाव नाही. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी इथे बस्तान बसवले आणि पुढे एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, मोठी माता आणि छोटी माता. पवारांबरोबर आलेली मराठी घरे टेकडीखालच्या गल्ल्यांतून मुरली. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी. 'मी येऊन राहिलो आहे' असे मराठी बोलणाऱ्या भाच्याला आमच्याकडची मावशी हसते खरी, पण तो तीन भाषांत गाणे ऐकतो हे तिच्या लक्षात येत नाही. आपल्या भागाला तर देवास परके मुळीच नाही. थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. आणि बेळगाव जिल्ह्याने देवासला काय दिले, ते सांगायलाच नको.

८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावीला जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा म्हणजे पुढचे कुमार गंधर्व. त्यांच्याविषयी मराठीत इतके भक्तिभावाने लिहिले गेले आहे की, ते आधी एक नादिष्ट मूल होते हे आपण विसरतो. मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि त्या जशाच्या तशा, हरकती-मुरक्यांसकट गाऊन दाखवायच्या, हा त्यांचा लहानपणचा उद्योग. लोक थक्क होत. आजच्या भाषेत ही नक्कलच. परंतु कोणत्याही लहान मुलाची आवड अशीच असते. त्याला आवडलेली गोष्ट स्वतः करून दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, या नकलेला प्रश्न विचारले जाऊ लागले. देवधरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात, आणि कोणाचेही गाणे वर्ज्य नव्हते. मुलाची आवड मोडून न काढता तिची दारे उघडी ठेवायची, हे देवधरांचे मोठे काम. घराण्याच्या अभिमानाचा तो काळ होता. तेव्हा हे वाटते तेवढे सोपे नव्हते.

क्षयाने गाठल्यावर १९४८ मध्ये कुमार कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षे गाणे बंद. खाटेवर पडून कानांवर जे येईल ते ऐकायचे, आणि कानांवर येत होती माळवी बायकांची गाणी. लग्नातली, सणातली, दोन-चार स्वरांत फिरणारी. मराठी रसिकाला ही कथा पाठ आहे. मला तिच्यात एक वेगळी गोष्ट दिसते. ही गाणी त्यांना कोणी 'संस्कार' म्हणून दिली नव्हती. ती शेजारची होती, परक्या बोलीतली होती, आणि त्या काळच्या शास्त्रोक्त गायकाच्या दृष्टीने किरकोळच होती. ती आवडण्याचे धाडस त्यांनी केले. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार असे धुनउगम राग आले, १९६५ साली 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ आला, माळव्याच्या लोकधुनांची मैफल आली. नाथपंथी गायकांच्या परंपरेतली निर्गुणी भजने आली. कन्नड घरात जन्मलेला, मराठीत वाढलेला गायक कबीर गाऊ लागला, आणि बेळगावपासून इंदूरपर्यंत कोणालाही तो उपरा वाटला नाही.

आता सुटीतल्या मुलांकडे वळू. माळव्यातल्या मराठी घरांतून कॅसेटच्या काळात काय चालत असे? डबल-डेक ज्याच्याकडे, त्याच्याकडे सुटीत गर्दी. आमच्या नात्यातल्या एका मुलाने भरून पाठवलेली साठ मिनिटांची एक कॅसेट मी पाहिली आहे. एका बाजूला कुमारांची निर्गुणी भजने, दुसऱ्या बाजूला 'कयामत से कयामत तक'. घरातल्या मोठ्यांनी पहिल्या बाजूचे कौतुक केले आणि दुसरीकडे काणाडोळा केला. मला मात्र ती कॅसेट त्या मुलाचा एक प्रामाणिक टीकालेख वाटते. २९ एप्रिल १९८८ रोजी, म्हणजे ऐन सुटीच्या तोंडावर, तो सिनेमा लागला आणि उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या पोरांनी तो उचलला. त्यातल्या कॉलेजच्या निरोपसमारंभातले गिटारवरचे गाणे वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी अगदी चपखल बसते. ते लिहिणारे मजरूह सुलतानपुरी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते! मुलांची भाषा कानांत जपणारा म्हातारा कवी मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. सिनेमा दोष नसलेला आहे असे नाही. दोन घराण्यांचे वैर दाखवताना तो ठाकूरशाहीच्या डामडौलावर भाळतो, आणि उत्तरार्धात गाण्यांची सोबत सुटली की रेंगाळतो. पण त्याचा शेवट शोकाचा आहे, आणि तरुणांनी तो शोक स्वीकारला. बापांच्या वैरापायी मुले मरतात ही गोष्ट मुलांनी आपली म्हणून ऐकली. कॅसेटच्या पहिल्या बाजूलाही मरणाचीच गाणी होती. ते त्या मुलाला कळले होते की नाही, कोण जाणे. त्याला विचारायला हवे होते. पण मोठ्यांनी ते विचारले नाही, 'पहिली बाजू लाव' एवढेच सांगितले.

तांब्यांच्या बाबतीत तर ही देवघेव आणखी गमतीची होते. भा. रा. तांबे हे ग्वाल्हेर-माळव्याकडचे कवी, १९४१ साली ग्वाल्हेरला वारले. त्यांच्या कविता आपल्या घराघरांत शिरल्या त्या लता मंगेशकरांच्या आवाजात, आणि लताबाईंचा जन्म १९२९ सालचा, इंदूरचा. त्या चाली पहिल्या ऐकण्यात जिभेवर बसतात, मुलीला ओट्याशी काम करताना गुणगुणता येतात. कुमारांनी 'तांबे गीतरजनी' केली तेव्हा त्याच कवीला दुसऱ्याच उजेडात धरले. तिथे शब्द थांबतो, वळतो, एखाद्या अक्षरावर श्वास सुटतो आणि कविता पुन्हा वाचावीशी वाटते. मोठी माणसे इथेही न्यायनिवाडा करू पाहतात: कुमारांचे ते खरे, लताबाईंचे ते गोड. हा निवाडा मला मान्य नाही. लताबाईंच्या गाण्याने कविता पाठ झाली नसती, तर कुमारांनी तिचे काय केले हे त्या मुलीला कळलेच नसते. आणि 'मला कुमारांचे नाही आवडले' असे तिने म्हटले, तर तेही ऐकून घ्यावे. कुमारांचे गाणे पुष्कळदा तुटक वाटते, कानाला आधी टोचते. आजारानंतरच्या फुप्फुसाशी आणि छोट्या दमसासाशी त्याचा संबंध जाणकारांनी जोडला आहे. भक्तांच्या घरात हे बोलायची सोय नसते, समवयस्कांत असते.

गाणे आणि सिनेमा यांनी भाषेची वेस सहज ओलांडली. पुस्तकाने ओलांडली नाही, आणि काळजी करायची तर ती इथे करायला हवी. एके काळी एक सोपा पूल होता. मद्रासेत १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये निघालेल्या मासिकाची मराठीत 'चांदोबा', हिंदीत 'चंदामामा', कन्नडमध्येही 'चंदामामा' अशी भावंडे होती. विक्रम-वेताळाची तीच चित्रे, तोच वेताळ खांद्यावर, फक्त खालची अक्षरे वेगळी. देवासचा मुलगा आणि बेळगावची मुलगी एकाच गोष्टीवर भांडू शकत. ते मासिक आता बंद पडले आहे.

देवासच्या मुलाला एक देणगी आहे, तिची किंमत आपल्याकडच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाला चटकन कळेल. त्याच्या शाळेतली लिपी देवनागरीच आहे. आपल्याकडे मराठी पुस्तक आणि मूल यांच्यात लिपीची भिंत असते. ती ओलांडायला आईला वेगळा पाटी-पेन्सिलीचा वर्ग घ्यावा लागतो. देवासला ही भिंत नाहीच. 'ळ' सोडला तर अक्षरे ओळखीची, शब्द निम्मे ओळखीचे. तरीही तिथला मुलगा वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' उघडत नाही, कुमारांच्या गावात राहून कुमारांवर मराठीत काय लिहिले गेले ते त्याला ठाऊक नसते. कारण एवढेच की, हे पुस्तक त्याच्या हाती कोणा भावंडाने सरकवलेले नसते. ते कपाटात काचेमागे असते. गाण्याची कॅसेट जशी मळते, तशी ती पुस्तके मळलेली नाहीत.

तीच गत ई. एम. फॉर्स्टरची. हा इंग्रज कादंबरीकार १९१२-१३ च्या प्रवासात प्रथम देवासला आला, आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्या काळात आईला आणि मित्रांना लिहिलेली पत्रे त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने छापली. पत्र हीही देवघेवच. देवासच्या गोकुळाष्टमीचे त्यातले वर्णन गोंधळलेले, वैतागलेले आणि तरीही मोहून गेलेले आहे. सगळे कळल्याचा आव त्यात नाही, म्हणून ते वाचवते. राजवाड्यातल्या कारभारावर मात्र तो फार हसतो, आणि गावातली मराठी माणसे त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. त्याच उत्सवावरून 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीचा शेवटचा भाग उभा राहिला. डेव्हिड लीनने १९८४ साली तिचा सिनेमा केला, त्यात हा उत्सव जवळजवळ गळालाच. म्हणजे देवासच्या ज्या मुलाने नुसता सिनेमा पाहिला, त्याला आपलेच गाव त्यात सापडत नाही. पुस्तक उघडले तरच सापडते. सुटीत एखाद्या थोरल्या बहिणीने हे सांगावे, यासारखी दुसरी जाहिरात नाही.

हल्ली फोनवर गाणे एका बोटाने पुढे जाते. त्याबद्दल गळा काढण्याची मला हौस नाही. कुमारांची मैफल देवासच्या मुलाकडून निपाणीच्या मुलीला क्षणात पोचते, हे चांगलेच झाले. फक्त परत करायचे काही उरले नाही, त्यामुळे परत करताना द्यायचे मतही उरले नाही. अंगठ्याचे चित्र येते, आणि त्यावर भांडता येत नाही. पुस्तक अजून तसे नाही. २०१४ साली राजहंस प्रकाशनाने 'कालजयी कुमार गंधर्व' हा दोन खंडांचा संच काढला, कलापिनी कोमकली आणि रेखा इनामदार-साने यांनी संपादित केलेला. एका खंडात मराठी लेख, दुसऱ्यात हिंदी-इंग्रजी. आमच्याकडचा मराठी खंड या मे महिन्यात देवासला गेला आहे, दुसरा तिथल्या भाच्याने आधीच कोणाला तरी दिला होता. आमचा परत आला तेव्हा त्यात पेन्सिलीने खुणा होत्या, आणि दोन ठिकाणी समासात हिंदीत लिहिले होते: हे पटत नाही.