चार मिलिमीटरमधला वाद

पेटंटचा दावा कितीही लांबला तरी एकच वाक्य असतो. ते वाचायला मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. शब्दकोश उशाशी ठेवून शिकलेला माणूस. तरीही माकेट विरुद्ध अबिओमेड हा अमेरिकेतला खटला वाचताना वाटत राहिले, की हे भांडण वैद्यकाचे कमी आणि व्याकरणाचे जास्त.

वस्तू अशी. अबिओमेडचा इम्पेला हा पंप मांडीच्या धमनीतून आत सरकवतात. त्याची नळी, म्हणजे कॅन्युला, महाधमनीच्या झडपेतून हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात उतरते, तिथले रक्त खेचून महाधमनीत सोडते. 2.5 या नमुन्याची जाडी 12 फ्रेंच, म्हणजे 4 मिलिमीटर. तेवढ्यात रक्ताची वाट, फिरणारी पाती आणि वाट दाखवणारी तार यांची सोय लावायची. तारेला कायमची जागा दिली की रक्ताची घटते. पात्यांमधून नेली, तर ती काढल्याशिवाय पंप फिरत नाही. प्रश्न खरा आहे, कागदी नाही.

माकेटच्या पेटंटांचे कूळ 1999 च्या अर्जापर्यंत जाते. त्या वर्णनात तार पंपातून नेण्याचा आणि बाजूच्या छोट्या पोकळीतून नेण्याचा, असे मार्ग वेगवेगळे मांडले आहेत. हे लेखन प्रामाणिक आहे. पण त्याच खोडाला फांद्या फुटत राहिल्या. वादातले ‘783’ पेटंट मिळाले 2019 मध्ये. अबिओमेड तर 2016 मध्येच न्यायालयात गेली होती. वर्णन जुने, दावे नवे. दुसऱ्याचे यंत्र समोर ठेवून दाव्याचे शब्द बेतायला तिथल्या कायद्याची मनाई नाही. मला मात्र ते खटकते.

खालच्या न्यायालयाने नात्यातल्या जुन्या अर्जांचा पत्रव्यवहार धरून दाव्यात न लिहिलेल्या नकारात्मक अटी वाचल्या. त्यातली एक, तारेने पात्यांमधल्या मोकळ्या जागेतून जाऊ नये. मार्च 2025 मध्ये फेडरल सर्किटने हे वाचन रद्द केले. वेगळ्या शब्दांसाठी पूर्वी घेतलेली माघार नव्या शब्दांना आपोआप चिकटत नाही, असा त्याचा मथितार्थ. वाचनाची शिस्त म्हणून हे बिनतोड आहे. पण जुना पत्रव्यवहार वाचून, ‘एवढी वाट मोकळी आहे’ असे समजून नळी आखणाऱ्या अभियंत्याने मग कशावर विसंबावे? निकालपत्रात हा माणूस मला दिसला नाही.

मुदत मूळ अर्जापासून 20 वर्षे मोजतात. म्हणजे निकाल लागला तेव्हा ‘783’ चे आयुष्य सरलेच होते. प्रकरण खालच्या न्यायालयात परतले, ते मागच्या विक्रीच्या भरपाईसाठी.